वेगवान मोटारीला राखणदार हवा की सारथी?

२०२५ च्या ऑक्टोबर महिन्यात स्कोडा कंपनीने ‘ऑक्टाव्हिया आरएस’ नावाच्या अवघ्या शंभर मोटारी परदेशातून आणून भारतात विक्रीस काढल्या. किंमत पन्नास लाखांच्या घरात, इंजिनाची ताकद २६५ अश्वशक्ती, आणि उभ्या जागेवरून निघून ताशी शंभर किलोमीटरचा वेग गाठण्यास लागणारा वेळ ६.४ सेकंद. असली मोटार कोणी गरजेपोटी घेत नाही. ती घेणारा मोटार हाकण्याच्या हौसेपोटी घेतो. असे असताना तिच्या साधनसामग्रीत ‘अ‍ॅडॅप्टिव्ह क्रूझ कंट्रोल’ नावाची यंत्रणाही आहे. पुढच्या वाहनापासूनचे अंतर मोजून ही यंत्रणा मोटारीचा वेग आपोआप कमीजास्त करते, चालकाचा पाय अ‍ॅक्सिलरेटरवर असण्याची गरज ठेवत नाही. ज्याने स्वतः हाकण्याच्या आनंदासाठी एवढे पैसे मोजले, त्याच्या मोटारीत हाकण्याचे काम हलके करणारे यंत्र कशासाठी, असा प्रश्न वेगाचे रसिक विचारतात. हा प्रश्न एका मोटारीपुरता नाही. फेरारीच्या ‘रोमा’त ही यंत्रणा मागणीनुसार मिळत असे, मॅक्लारेनच्या ‘आर्तुरा’तही ती तशीच मिळते, आणि तेथेही हाच वाद होतो.

वरवर पाहता हा वाद श्रीमंतांच्या दिवाणखान्यातला आहे. धाराशिव जिल्ह्यातील कळंबसारख्या गावी शाळेत शिकवणाऱ्या शिक्षकाला, तहसील कचेरीतील कारकुनाला किंवा एस.टी.ने कॉलेजला येणाऱ्या विद्यार्थ्याला त्याच्याशी काय कर्तव्य, असे कोणीही म्हणेल. तथापि धुळे–सोलापूर राष्ट्रीय महामार्ग कळंब तालुक्यातूनच, येरमाळ्यावरून जातो. तो आता चौपदरी झाला आहे. येरमाळ्याहून हाच रस्ता पारगाव, चौसाळा, बीड, गेवराई असा छत्रपती संभाजीनगरला पोहोचतो. त्या शहराजवळच्या शेंद्रा येथील कारखान्यात याच ऑक्टाव्हियाच्या साध्या आवृत्तीची जोडणी अनेक वर्षे होत असे. त्याच शहरातील व्यावसायिकांनी २०१० च्या ऑक्टोबरात एकत्र येऊन एकाच वेळी दीडशे मर्सिडीज मोटारी खरेदी केल्या होत्या. सुमारे पासष्ट कोटी रुपयांच्या त्या खरेदीने मराठवाड्यातल्या नव्या संपत्तीची वार्ता देशभर पोहोचवली. तेव्हा वेगवान मोटार ही आता परक्या मुलखातली वस्तू राहिलेली नाही. ती येरमाळ्याच्या फाट्यावरून जाते, आणि त्याच फाट्यावर रस्ता ओलांडण्यासाठी माणसे उभी असतात. वाद मोटारीच्या आतल्या माणसांचा असला, तरी त्याचे परिणाम बाहेरच्या माणसांना भोगावे लागतात. म्हणूनच त्याचा विचार येथे करणे अप्रस्तुत ठरू नये.

यंत्राची कुळकथा

वेग आपोआप राखण्याची कल्पना जुनी आहे. अमेरिकेतील राल्फ टीटर या अभियंत्याने ती व्यवहारात आणली. बालपणीच्या अपघातात त्याची दृष्टी गेलेली होती. त्याचे वकील मोटार हाकत असताना बोलू लागले की वेग कमी करीत आणि ऐकू लागले की वाढवीत. त्या हिसक्यांना वैतागून टीटरला ही कल्पना सुचली, असे सांगतात. १९५० साली त्याला पेटंट मिळाले आणि १९५८ साली क्रायस्लर कंपनीच्या मोटारींत हे यंत्र बसले. ज्याला रस्ता दिसत नव्हता अशा माणसाने केलेल्या या यंत्रालाही रस्ता दिसत नव्हता. ठरवून दिलेला वेग राखणे एवढेच त्याला ठाऊक होते. पुढे वाहन आले तर ब्रेक चालकानेच लावायचा होता.

यंत्राला डोळे आले ते त्यानंतर जवळजवळ चार दशकांनी. १९९५ साली जपानच्या मित्सुबिशी कंपनीने प्रकाशकिरणांच्या साहाय्याने पुढचे अंतर मोजणारी यंत्रणा आपल्या मोटारीत आणली. परंतु ती इंजिनाची गती कमी करी, ब्रेक लावू शकत नसे. १९९९ साली मर्सिडीजने रडारवर चालणारी आणि ब्रेकही लावणारी यंत्रणा आणली. आजच्या यंत्रणा बहुधा तिच्याच वंशातील आहेत. मोटारीच्या पुढच्या बाजूला बसवलेले छोटे रडार सेकंदाला सुमारे ७७ अब्ज कंपने असलेल्या लहरी सोडते. समोरच्या वस्तूवर आपटून परतणाऱ्या लहरीवरून ते अंतर मोजते, आणि लहरीच्या कंपनसंख्येत पडलेल्या फरकावरून ती वस्तू जवळ येत आहे की दूर जात आहे, हे ओळखते. काचेमागचा कॅमेरा ती वस्तू मोटार आहे, माणूस आहे की आणखी काही, याचा अंदाज करतो.

भारतात सर्वसामान्य ग्राहकाच्या नजरेत ही यंत्रणा गेल्या पाच-सहा वर्षांत आली. २०२० साली एमजी कंपनीच्या ‘ग्लॉस्टर’मध्ये आणि २०२१ साली महिंद्रच्या ‘एक्सयूव्ही ७००’ मध्ये ती मिळू लागली. यांतील दुसरी मोटार पुणे जिल्ह्यातील चाकणला तयार होत आली. सारांश, हे यंत्र आता मराठी मुलखातच बनणाऱ्या मोटारींतून रस्त्यावर येत आहे, आणि त्याच्या गुणदोषांची चर्चा दूरदेशीच्या मासिकांवर सोपवून चालणार नाही.

रसिकांचा आक्षेप

वेगाच्या रसिकांची बाजू हसण्यावारी नेण्यासारखी नाही. मोटार हाकणे ही एक कला आहे, हे मान्य केले पाहिजे. वळणावर नेमका कोणता गिअर टाकावा, ब्रेकवरचा पाय कोठे सैल करावा, टायरची पकड सुटू लागल्याचे स्टिअरिंगच्या हलक्या थरथरीवरून कसे ओळखावे, हे ज्ञान पुस्तकातून मिळत नाही. ते हातापायांत मुरावे लागते. तबलजीच्या बोटांना किंवा कुंभाराच्या अंगठ्याला जे कळते, त्याच जातीचे हे ज्ञान आहे. यंत्र हे काम करू लागले की माणसाचे हातपाय ते विसरतात, हा रसिकांचा पहिला मुद्दा. दुसरा मुद्दा अधिक गंभीर आहे. ज्याच्या हाती काम आहे तो जागा राहतो आणि ज्याचे काम काढून घेतले तो पेंगतो, म्हणून यंत्राच्या भरवशावर बसलेला चालक हा स्वतः हाकणाऱ्यापेक्षा धोकादायक, असे ते म्हणतात.

आपल्या पुष्ट्यर्थ ते शर्यतींचा दाखला देतात. फॉर्म्युला वन या जगातील सर्वांत प्रतिष्ठित मोटार शर्यतीत १९९३ च्या हंगामापर्यंत यंत्रांनी चालकाचे बरेचसे काम हाती घेतले होते. चाके घसरू न देणारी, ब्रेक अडकू न देणारी, स्प्रिंगांची हालचाल सांभाळणारी यंत्रणा मोटारीत असे. १९९४ च्या हंगामापासून या साहाय्यांवर बंदी घालण्यात आली, कारण शर्यत माणसांची आहे की संगणकांची हेच कळेनासे झाले होते. जगातील सर्वांत वेगवान मोटारींतून जी साहाय्ये मुद्दाम काढून टाकण्यात आली, ती रस्त्यावरच्या वेगवान मोटारीत का असावीत, हा सवाल दिसायला बिनतोड आहे.

परंतु बारकाईने पाहता याच दाखल्यात त्याचे उत्तरही आहे. शर्यतीच्या मैदानात उतरणारा प्रत्येक जण धोका पत्करून, शिरस्त्राण घालून, नियमांवर सही करून उतरलेला असतो. तेथे समोरून कोणी येत नाही. प्रेक्षक कुंपणापलीकडे असतात. रुग्णवाहिका इंजिन चालू ठेवून उभी असते. चालकाचे कौशल्य पारखणे हाच त्या ठिकाणचा हेतू असल्याने साहाय्य काढून घेणे तेथे न्याय्य ठरते. सार्वजनिक रस्त्याचा हेतू मात्र सर्वांना सुखरूप घरी पोहोचवणे हा आहे. जत्रेच्या आखाड्यात धोबीपछाड मारणाऱ्या मल्लाला फेटा बांधतात. तोच डाव त्याने भरल्या बाजारात भाजी घेणाऱ्या माणसावर टाकला, तर त्याला पोलीस चौकीवर नेतात. डाव तोच असला, तरी बाजारातल्या माणसाने कुस्तीला होकार दिलेला नसतो. वेगवान मोटार चेन्नईजवळच्या, कोइमतूरच्या किंवा ग्रेटर नोएडाच्या शर्यतमार्गावर असते तेव्हा ती वेगवान मोटार असते. येरमाळ्याच्या फाट्यावर ती इतर मोटारींसारखीच एक मोटार होय, आणि तिच्या मालकाला तेथे इतरांहून वेगळा हक्क पोहोचत नाही.

एकाच नावाखाली दोन वस्तू

तेव्हा रसिकांचा आक्षेप संपूर्ण ग्राह्य धरता येत नाही. पण म्हणून उत्पादकांची जाहिरातही जशीच्या तशी स्वीकारण्याचे कारण नाही. ‘चालक-साहाय्य यंत्रणा’ या एका भारदस्त नावाखाली उत्पादक मंडळी दोन वेगळ्या प्रकृतीच्या वस्तू एकत्र विकतात, आणि या वादातील बराचसा गोंधळ तेथेच उगम पावतो.

पहिली वस्तू म्हणजे आरंभी वर्णिलेली अंतर राखणारी यंत्रणा. ती सारथ्याचे काम करते. लांबच्या प्रवासात पायाला विसावा मिळावा, रांगेतून सरकताना कंटाळा येऊ नये, हा तिचा उपयोग. ती मोटारीच्या आत बसलेल्या माणसाची सोय पाहते. दुसरी वस्तू म्हणजे टक्कर अटळ दिसू लागताच आपोआप ब्रेक लावणारी यंत्रणा. तिच्या जोडीला वेगमर्यादा ओलांडल्याची सूचना देणारी यंत्रणा आणि चालकाला डुलकी लागत असल्याचे ओळखणारी यंत्रणा येतात. या वस्तू राखणदाराचे काम करतात. चालक नीट हाकत असेल तोवर त्या गप्प बसतात, आणि तो चुकला की हात आडवा घालतात. त्यांचा लाभ आतल्या माणसाला होतोच. परंतु त्याहून अधिक लाभ बाहेरच्या माणसाला होतो.

हा बाहेरचा माणूस किती महत्त्वाचा, हे केंद्रीय रस्ते वाहतूक मंत्रालयाच्या आकड्यांवरून दिसते. २०२२ साली देशात रस्त्यांवरील अपघातांत १,६८,४९१ माणसे मृत्युमुखी पडली. त्यांतील १५,२२४ महाराष्ट्रातील होती. देशभरच्या या मृतांपैकी ७४,८९७ दुचाकीवरचे आणि ३२,८२५ पायी चालणारे होते. म्हणजे शंभरात सुमारे चौसष्ट जण मोटारीच्या पोलादी कवचाबाहेरचे. मंत्रालयाच्या त्याच नोंदीनुसार शंभरातील एकाहत्तर मृत्यूंच्या मागे अतिवेग हे कारण होते. मोटारीत सहा उशा फुगणार की दहा, याची चौकशी ग्राहक करतो. या चौसष्टांसाठी मोटारीत काय आहे, हे दुकानात कोणी विचारत नाही. कारण विचारणारा तेथे हजरच नसतो.

हा फरक युरोपीय संघाने कायद्यात उतरवला आहे. जुलै २०२४ पासून तेथे विकल्या जाणाऱ्या प्रत्येक नव्या मोटारीत आपोआप ब्रेक लावणारी आणि वेगमर्यादेची जाणीव देणारी यंत्रणा सक्तीची आहे. पादचारी आणि सायकलस्वार ओळखून ब्रेक लावण्याची अटही टप्प्याटप्प्याने लागू होत आहे. वेगाची ख्याती असलेल्या मोटारींनाही सर्वसाधारणपणे हा नियम चुकत नाही. अंतर राखून वेग सांभाळणारी यंत्रणा मात्र तेथे सक्तीची नाही. ती हवी त्याने घ्यावी, नको त्याने घेऊ नये. राखणदार सर्वांना, सारथी हवा त्याला, असा हा विवेक आहे, आणि वेगवान मोटारीच्या वादाचे उत्तर त्यात बव्हंशी सामावलेले आहे.

कळंबच्या रस्त्यावरची कसोटी

परंतु युरोपचा नियम भाषांतरित करून येथे डकवला की प्रश्न सुटला, असेही नाही. यंत्र ज्या रस्त्यावर चालायचे, त्या रस्त्याची त्याला ओळख असावी लागते. कळंब तालुका हा उसाचा. रांजणीला साखर कारखाना आहे, आणि गाळप हंगाम सुरू झाला की दिवाळीपासून पुढे कित्येक महिने रात्रंदिवस रस्ते उसाने भरलेले असतात. ट्रॅक्टरमागे एकीला एक जोडलेल्या दोन ट्रॉल्या, त्यांच्या दोन्ही अंगांनी बाहेर आलेली उसाची टोके, मागचा दिवा असलाच तर मोळ्यांखाली झाकलेला. त्यांच्याखेरीज बैलांच्या टायरगाड्या असतात, आणि त्यांवर दिवसभर ऊस तोडून थकलेला गाडीवान. त्या माणसाला राखणदार यंत्राची जितकी गरज, तितकी पन्नास लाखांच्या मोटारीतल्या माणसालाही नसेल.

आता त्या यंत्राच्या नजरेने हा रस्ता पाहू. रडारला चालत्या वस्तू चांगल्या ओळखता येतात. स्थिर वस्तूंचे मात्र त्याला वावडे आहे, आणि त्याला कारणही आहे. रस्त्याकडेचे फलक, दुभाजकाचे कठडे, वरून जाणारे पूल या साऱ्यांवरून लहरी परततात. त्या प्रत्येक वेळी ब्रेक लागू लागला, तर मोटार चालणारच नाही. म्हणून अंतर राखणाऱ्या यंत्रणांत स्थिर वस्तूंकडून येणारे बरेचसे संकेत गाळले जातात. मोठ्या वेगात असताना पुढे उभ्या असलेल्या वाहनाला यंत्रणा प्रतिसाद देईलच असे नाही, अशी सूचना मोटारीसोबतच्या पुस्तिकेत बहुधा छापलेली असते. पंक्चर होऊन महामार्गावर उभी राहिलेली उसाची ट्रॉली ही नेमकी अशी वस्तू आहे. कॅमेऱ्याचीही गोष्ट निराळी नाही. त्याला जी रूपे शिकवली ती तो ओळखतो. मागून पाहिले असता उसाच्या ढिगाऱ्यासारखी दिसणारी, दिवे नसलेली ट्रॉली रात्री त्याला वाहन म्हणून ओळखता येईलच, अशी हमी कोणी देऊ शकत नाही.

यात गणिताचीही भर घालावी. ताशी शंभर किलोमीटरच्या वेगाने जाणारी मोटार एका सेकंदात सुमारे अठ्ठावीस मीटर जाते. धोका दिसल्यापासून ब्रेकवर पाय पडेपर्यंत सजग माणसालाही साधारण एक सेकंद लागतो. त्यापुढे कोरड्या रस्त्यावर चांगल्या ब्रेकांनी मोटार थांबण्यास आणखी पंचावन्न मीटरच्या आसपास जागा लागते. एकूण ऐंशीहून अधिक मीटर. ताशी एकशेवीसच्या वेगाला हीच बेरीज एकशेदहा मीटरच्या वर जाते. खाली केलेल्या दिव्यांचा उजेड साधारणतः इतका दूर पोहोचत नाही. चालकाचे लक्ष यंत्राच्या भरवशावर थोडे सैल झाले आणि एक सेकंदाचे तीन सेकंद झाले, तर ताशी शंभरलाही छप्पन्न मीटर फुकट जातात. शर्यती मोटारीचे ब्रेक कितीही उत्तम असले तरी गमावलेली ही जागा भरून निघत नाही.

सुरक्षित अंतराची व्याख्याही येथे अडचणीत येते. ताशी शंभरच्या वेगात दोन सेकंदांचे अंतर म्हणजे छप्पन्न मीटर. एवढी जागा मोटारीपुढे मोकळी दिसली की डावीकडून टेम्पो आणि उजवीकडून मोटारसायकल तीत शिरते. यंत्र प्रामाणिकपणे मागे सरकते, पुन्हा कोणी शिरते, आणि शेवटी वैतागलेला चालक यंत्रणाच बंद करतो. दुभाजक ओलांडणारी जनावरे आणि सेवारस्ता नसल्याने उलट दिशेने येणारी दुचाकी हा येथला नित्याचा व्यवहार आहे. चैत्री पौर्णिमेला येरमाळ्याच्या येडेश्वरीच्या यात्रेसाठी लोटणारा जनसमुदाय, नवरात्रात तुळजापूरकडे रात्रभर पायी निघालेले भाविक, हीही या मुलखातील रस्त्यांचीच माणसे आहेत. त्यांना वजा करून येथला रस्ता समजून घेता येणार नाही.

येथे वेगवान मोटारीचा प्रश्न अधिक धारदार होतो. चौपदरी रस्त्याच्या एका बाजूची रुंदी साधारण सात मीटर. वृद्ध माणसाला ती ओलांडण्यास सहा-सात सेकंद लागतात. म्हातारा पहिले पाऊल टाकतो तेव्हा दूर उभी असलेली मोटार, तो पलीकडच्या कडेला पोहोचण्याच्या आत ताशी शंभरच्या वेगाला पोहोचू शकते. त्या म्हाताऱ्याने आयुष्यभर एस.टी.च्या आणि मालमोटारीच्या वेगावरून रस्ता ओलांडण्याचा अंदाज बांधलेला आहे. त्याचा अंदाज चुकला, तर तो दोष त्याच्या एकट्याचा मानता येणार नाही. म्हणूनच मोटारीची ताकद जितकी अधिक, तितकी तिच्यातील राखणदाराची निकड अधिक.

जागेपणाचा प्रश्न

रसिकांचा पेंग येण्याचा मुद्दा मात्र खरा आहे, आणि तो शास्त्रानेही मांडलेला आहे. लिझॅन बेनब्रिज या ब्रिटिश मानसशास्त्रज्ञ महिलेने १९८३ साली स्वयंचलनातील विसंगतींवर एक निबंध लिहिला. कारखान्यांतील यंत्रांच्या संदर्भात केलेले तिचे विवेचन मोटारीलाही लागू पडते. यंत्र सोपे काम स्वतःकडे घेते आणि अवघड काम माणसावर टाकते. शिवाय सोप्या कामातून मिळणारा सरावही हिरावून घेते. मग आणीबाणीच्या क्षणी ज्याच्यावर सारी भिस्त, तोच माणूस सर्वांत कमी तयार असतो. भारतात या यंत्रणा आल्यानंतर काही चालकांनी स्टिअरिंग सोडून, पाय वर घेऊन मोटार आपोआप चालत असल्याच्या फिती काढल्या आणि त्या समाजमाध्यमांवर फिरल्या. साहाय्यकालाच मालक समजण्याची ही प्रवृत्ती यंत्राच्या नावापासूनच सुरू होते. जाहिरातीतली मोटार रिकाम्या डोंगरी रस्त्यावर धावते, आणि पुस्तिकेतील इशारा बारीक टायपात राहतो.

समृद्धी महामार्गाने हा प्रश्न महाराष्ट्रापुढे ठळकपणे मांडला आहे. नागपूर ते मुंबई ७०१ किलोमीटरच्या या मार्गाचा पहिला टप्पा डिसेंबर २०२२ मध्ये आणि शेवटचा जून २०२५ मध्ये खुला झाला. मोटारींना तेथे ताशी १२० किलोमीटरची मर्यादा आहे. दुचाकी आणि रिक्षा यांना मज्जाव आहे. सरळ, एकसुरी रस्त्यावर चालकाची नजर जड होते, ही तक्रार आरंभापासून होत आली आहे. १ जुलै २०२३ च्या मध्यरात्रीनंतर सिंदखेड राजाजवळ खासगी बसला अपघात होऊन ती पेटली आणि पंचवीस प्रवासी दगावले, ही घटना महाराष्ट्र विसरलेला नाही. असल्या रस्त्यावर अंतर राखणारे यंत्र थकलेल्या पायाला विसावा देते हे खरे. पण थकलेल्या मेंदूला ते जागे ठेवत नाही, उलट निजण्यास अनुकूल वातावरण निर्माण करते. तेथे डुलकी ओळखणारा राखणदार सारथ्याच्या आधी हवा.

पाय जेव्हा यंत्रावर मात करतो

यंत्राच्या मर्यादेची दुसरी बाजू पुण्याने पाहिली. १९ मे २०२४ च्या पहाटे कल्याणीनगर भागात पोर्श कंपनीच्या शक्तिमान विद्युत मोटारीने मोटारसायकलला धडक दिली आणि तिच्यावरील दोन तरुण संगणक अभियंते ठार झाले. मोटार अल्पवयीन मुलगा मद्याच्या अमलाखाली हाकत होता, असा आरोप आहे. मोटारीची कायमची नोंदणीही पूर्ण झालेली नव्हती. बाल न्याय मंडळाने त्याला जामीन देताना तीनशे शब्दांचा निबंध लिहिण्याची अट घातली आणि देशभर संताप उसळला. पुढे तो आदेश बदलण्यात आला. प्रकरण न्यायालयापुढे गेले असल्याने दोषादोषाचा निवाडा तेथेच व्हायचा आहे. प्रस्तुत विषयापुरता बोध एवढाच की, चालक-साहाय्य यंत्रणा चालकाच्या पायापुढे सहसा माघार घेते. अंतर राखण्याचे काम चालू असताना अ‍ॅक्सिलरेटर दाबला की यंत्र बाजूला होते; कित्येक मोटारींत तो जोराने दाबल्यास आपोआप लागणारा ब्रेकही रद्द होतो. अखेरचा अधिकार माणसाचा, या तत्त्वावर ही रचना उभी आहे, आणि ते तत्त्व योग्यच आहे. पण त्याचा अर्थ असा की किल्ली कोणाच्या हाती द्यायची, हा प्रश्न यंत्र सोडवणार नाही. मोटार वाहन कायद्यात २०१९ साली झालेल्या दुरुस्तीने अल्पवयीनाच्या अपराधाबद्दल पालकाला किंवा मालकाला तुरुंगवासाची तरतूद केलेली आहे. ती अमलात आणणे हे शासनाचे आणि घरच्या वडीलधाऱ्यांचे काम आहे.

मग नियम कोणता?

वेगवान मोटारीत चालक-साहाय्य यंत्रणा असावी का, या प्रश्नाचे उत्तर आता देता येईल. राखणदार असलाच पाहिजे, आणि तो पैसे मोजून घ्यावयाची चैन असता कामा नये. आपोआप ब्रेक लावणारी, वेगाची जाणीव देणारी आणि झोप ओळखणारी यंत्रणा मोटारीच्या ताकदीबरोबर सक्तीने यावी, आणि ती एकदा बंद केली की कायमची बंद राहील अशी सोय नसावी. सारथी, म्हणजे अंतर राखून चालवणारे यंत्र, ज्याला हवे त्याने घ्यावे. रसिकाला ते नको असेल तर त्याच्यावर लादण्याचे कारण नाही. लक्ष देऊन स्वतः हाकणारा चालक ही रस्त्यावरची इष्टापत्तीच होय. ज्याला ते हवे, त्याला ते कोठे आंधळे होते हे मोटार हाती देतानाच समजावून सांगण्याची जबाबदारी विक्रेत्यावर टाकावी, आणि वाहन परवान्याच्या परीक्षेतही त्याचा समावेश व्हावा.

यापुढची गोष्ट अधिक महत्त्वाची. राखणदार आज पन्नास लाखांच्या मोटारीत आधी पोहोचला आणि प्रवाशांनी भरलेल्या बसमध्ये पोहोचायचा राहिला, ही उलटी गंगा आहे. केंद्राने २०२५ साली बस व मालमोटारींसाठी आपोआप ब्रेक आणि डुलकीची सूचना देणाऱ्या यंत्रणा सक्तीच्या करण्याचा मसुदा प्रसिद्ध केला, हे योग्य दिशेने पडलेले पाऊल आहे. जुलै २०१९ पासून प्रत्येक नव्या मोटारीत ताशी ऐंशीच्या वर अधूनमधून आणि एकशेवीसच्या वर सतत वाजणारी सूचना आहे. ती कानाआड करण्याची सवय लोकांना किती लवकर लागली, हेही ध्यानात ठेवावे. सूचना ऐकणारा कान नसेल, तर यंत्र नुसते वाजत राहते.

शेवटी, राखणदारीचे काम केवळ मोटारीच्या नाकावर बसवलेल्या रडारचे नाही. उसाच्या ट्रॉलीमागे लावलेली लाल परावर्तक पट्टी काही शे रुपयांत मिळते. ती दिसली की माणसाचा डोळाही सावध होतो आणि कॅमेऱ्याचाही. गाळप सुरू होण्याआधी प्रत्येक ट्रॉलीला आणि टायरगाडीला ती लागली आहे की नाही हे कारखान्यांनी आणि परिवहन खात्याने पाहिले, तर वेगवान मोटारीतील महागडे यंत्र अर्धे काम अधिक नीट करील. रस्ता मोटारीच्या मालकाचा जितका, तितकाच गाडीवानाचाही आहे. वेगाचा आनंद घेण्याचा हक्क कोणी नाकारत नाही. त्या आनंदाची किंमत ज्याने तो मागितलेलाच नाही अशा माणसाकडून वसूल होऊ नये, एवढी एकच अट त्याला असावी.